गोदामाकडचं दार

कॉम्प्युटरवर बंदूक घेऊन पळायचे जे खेळ असतात, त्यातल्या काहींच्या सीडीत एक जास्तीचा प्रोग्रॅम मिळायचा. त्यात आपल्याला हवी तशी जागा बांधता यायची. भिंती, जिने, दारं, खिडक्या, उजेड कुठून यायचा तेसुद्धा. बांधून झालं की खेळणारा त्या जागेत शिरायचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा. अशा जागेला लेव्हल म्हणतात. मी लेव्हल बांधायचे. पोटासाठी नव्हे. पोटासाठी मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे, आधी हाताने आणि नंतर कॉम्प्युटरवर. तिथल्याच एका सहकाऱ्याने ती सीडी मला दिली. मला गोळ्या झाडण्यात रस नव्हता, दोन मिनिटांत मरायचे. पण मेल्यावरही मी त्या खोल्यांचे कोपरे बघत बसायचे.

ऑफिसने जुना कॉम्प्युटर काढून टाकला तो मी घरी आणला आणि लालबागच्या आमच्या खोलीत मोरीच्या भिंतीला लागून मांडला. त्यावर एक फोल्डर होता, नाव 'अर्धवट'. त्यात अकरा लेव्हल होत्या. एक किल्ला होता, त्याचा बुरुज झाला आणि आतलं काही झालं नाही. एक कोळीवाड्याची गल्ली होती. एक तीन मजल्यांची चाळ होती, तिच्या कठड्याच्या नक्षीवर मी दोन महिने घालवले आणि जिना करायचा राहिला, त्यामुळे वरच्या मजल्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. आई म्हणायची, ही स्वेटर विणायला घेते आणि बाहीशी आली की सुया ठेवून देते. खरं होतं. इंटरनेटवर जिथे लोक आपापल्या लेव्हल ठेवायचे तिथे मी जाऊन बघायचे, आणि परत येऊन माझी फाईल बंद करायचे. तिथले सगळे कुठले कुठले पुरुष, बहुतेक कॉलेजातले. तिशी ओलांडलेल्या, दहा बाय बाराच्या खोलीत आईवडिलांबरोबर राहणाऱ्या बाईने बांधलेल्या जागेत कोण कशाला येईल, असं वाटायचं. हे वाटणं सोयीचंही होतं. पूर्ण केलं नाही की कोणी वाईट म्हणत नाही.

यातून मला बाहेर काढलं ते ऑफिसच्या साहेबांच्या एका सवयीने. ते कधी नकाशा चांगला आहे की वाईट ते बोलायचे नाहीत. 'गेला का?' एवढंच विचारायचे. महापालिकेत गेला की नकाशा झाला. चुका निघाल्या तर परत येईल, मग सुधारू. मी दहा वर्षं हे ऐकत होते आणि घरी येऊन कठड्याची नक्षी कोरत होते. एकदा हे लक्षात आल्यावर मी स्वतःला तीन नियम घातले. आधी वाट, मग भिंती. भिंती करड्या, एकाच रंगाच्या, वाट पुरी होईपर्यंत दुसरा रंग नाही. आणि ज्याला जागा माहीत नाही असा माणूस एका टोकाकडून दुसरीकडे गेल्याशिवाय सजावट नाही. मी त्यात मुद्दाम प्रेरणेचं काही घातलं नाही. प्रेरणा मला बुरुजापर्यंतच पुरायची.

त्याच वर्षी परळच्या बाजूला बाबा ज्या गिरणीत होते तिची चिमणी पाडली. आमच्या चाळीच्या गणपतीची बैठक झाली आणि देखावा गिरणीचा करायचा ठरलं. चाळीत निम्मी घरं त्याच गिरणीची. मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, तू म्हणे कॉम्प्युटरमध्ये घरं बांधतेस, आपली गिरणी बांध, मंडपात ठेवू, लोक आत फिरून येतील. मी हो म्हणाले आणि नंतर घाबरले. पण तारीख माझ्या हातात नव्हती. गणपती त्याच्या दिवशी येतोच, तुमची लेव्हल झाली असो की नसो.

आता गिरण्यांच्या संपाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. बाबा साचाखात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर. पहिले काही महिने चाळीत सणासारखे गेले. सगळे बाप घरात. मग घरातले डबे रिकामे होऊ लागले तशी भांडणं सुरू झाली. आमच्या समोरच्या खोलीत माझी मैत्रीण राहायची, माझ्याच वर्गात. तिचे वडीलही बाबांच्याच खात्यात. उन्हाळ्याच्या तोंडावर ते कामावर जाऊ लागले. रोज सकाळी नाक्यावर पोलिसांची गाडी यायची, ते सगळ्यांच्या देखत तीत चढायचे, आणि गिरणीचं फाटक त्या गाडीपुरतं उघडायचं. गॅलरीत बैठक झाली. त्या बैठकीत त्यांना पहिल्यांदा फुटीर म्हणाले ते माझे वडील. यांच्याशी कोणी पाणी भरायचं नाही, बोलायचं नाही, पोरांनीसुद्धा नाही, हेही तेच म्हणाले. मी गर्दीतून त्यांच्याकडे बघत होते. इतका उंच माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा बाबा गावाला गेले. बरेच जण जात होते, मुंबईत बसून खायचं काय. सिंधुदुर्गात आमची थोडी भातशेती होती, ती चुलते बघायचे. अधूनमधून चुलत्यांचं पत्र यायचं, की दादा बरे आहेत, नांगरणी झाली, लावणी झाली, औंदा भात बरा दिसतो. आईला वाचता यायचं, तरी ती पत्र मला द्यायची आणि गॅलरीत बसून मोठ्याने वाचायला सांगायची. माझे उच्चार स्पष्ट होते. बायका तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या.

नवरात्रात चाळीच्या चौकात भोंडला व्हायचा. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या घरची खिरापत. डबा झाकलेला असतो, आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं, ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही. त्या वर्षी सगळ्यांची खिरापत चुरमुरे नाहीतर गूळ-दाणे. माझी मैत्रीण आपला डबा घेऊन फेराच्या बाहेर उभी राहिली. तिला कोणी हाकलून दिलं नाही. मी सगळ्यांच्या कानात सांगत गेले की हिची खिरापत कोणी ओळखायची नाही. तिने डबा पुढे धरला आणि आम्ही गप्प. ती वाट बघत राहिली. गोड की तिखट ते तिने स्वतःच सांगून टाकलं, तरी आम्ही गप्प. शेवटी ती झाकलेला डबा घेऊन वर गेली. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. वास मला आला होता.

बाबा दिवाळीला परत आले. पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आत समोरच्यांनी खोली सोडली आणि वसईकडे कुठेतरी गेले. जाताना कोणी त्यांना सामान उचलायला मदत केली नाही. आणखी काही महिन्यांनी बहुतेक सगळे जमेल तसे कामावर गेले, त्यांच्यात बाबाही गेले. आमच्या चाळीत आजही म्हणतात की संप मागे घेतलाय असं कोणी जाहीर केलेलंच नाही. बाबाही हे अभिमानाने सांगायचे. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते आणि मला ते आवडायचं.

तर लेव्हल. आधी वाट, हा माझा नियम. म्हणून मी बाबांना गिरणीचा नकाशा विचारलाच नाही. एका रविवारी त्यांना खाटेवर बसवलं आणि म्हटलं, डोळे मिटा, कामावर निघा आणि तुमच्या साच्यापर्यंत चालत जा. काय काय लागतं ते बोलत राहा. त्यांना आधी हसू आलं. मग मिटले डोळे. थोड्या वेळाने त्यांचे पाय लादीवर खरंच हलायला लागले. मागच्या गल्लीतून आत, म्हणाले. कापसाचं गोदाम. दोन्ही बाजूंना गाठी, मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. मी अंतर विचारलं तर पावलांत सांगायचे, आणि मी वहीत लिहून घेत होते. गोदामाच्या टोकाला डाव्या हाताला दार. तिथे त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या मान खाली घातली.

"हय वाकान जा," म्हणाले. "चौकट बुटकी असा."

दाराच्या पलीकडे साचाखातं. चार साचे सोडून पाचवा त्यांचा. मी विचारलं की मोठ्या फाटकातून का नाही. ते म्हणाले, तिकडून लांब पडतं. मला पटलं. मीसुद्धा ऑफिसला मागच्या जिन्याने जाते.

तीन आठवड्यांत करड्या भिंती उभ्या राहिल्या. खेळात वाकून चालायचं वेगळं बटण असतं, ते वापरायला लावणारी ही एकच जागा मी ठेवली, आणि मला तिचा फार अभिमान होता. सगळीकडे उंच छप्परं, मोठाली दालनं, आणि मध्येच एक जागा जिथे माणसाला मान खाली घालावी लागते. ऑफिसातल्या सहकाऱ्याने फिरून बघितलं. दाराशी अडला, मग बटण सापडलं, मग पाचव्या साच्यापर्यंत पोचला. माझ्या बाराव्या लेव्हलमध्ये पहिल्यांदा कोणीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं होतं. मी त्याला चहा पाजला.

आता जागा माहीत असलेला माणूस हवा होता. आमच्यापासून दोन खोल्या सोडून एक काका राहायचे. बाबांचे जुने दोस्त, त्यांचे साचे शेजारी शेजारी. संपानंतर काका परत गिरणीत गेलेच नाहीत, अखेरपर्यंत परळच्या एका इमारतीवर वॉचमनचं काम केलं. बाबा आणि ते रोज संध्याकाळी गॅलरीत पत्ते खेळायचे. बाबा बाजारात गेले होते तेव्हा मी काकांना बोलावलं. त्यांना बटणं जमेनात, म्हणून ठरलं की ते सांगतील आणि मी चालवीन. गल्लीत आल्या आल्या ते खूश झाले. करड्या ठोकळ्यांतही त्यांना कुठलं दुकान कुठे ते कळत होतं. मग त्यांनी मला चिडवलं.

"काय गो, तुझ्या बापाशीक मेन गेट दिसाक नाय? चोरासारख्या मागसून कित्याक जातंस?"

मी हसले आणि गोदामातून पुढे गेले. गाठींची वाट त्यांना पटली. टोकाशी मी डावीकडे वळले, वाकायचं बटण दाबलं आणि पलीकडे साचाखात्यात आले. काका म्हणाले, मागे जा. मी मागे आले. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं.

"ह्या दार खयसून इला?"

बाबांनी सांगितलं, म्हटलं. ते म्हणाले की इथे दार नव्हतं, इथे भिंत होती. भिंतीशी पाण्याचे माठ आणि वर देवाचा फोटो, जेवायच्या सुट्टीत आम्ही इथेच टेकायचो. मला वाटलं त्यांची काहीतरी गल्लत होतेय. मी म्हटलं, बाबांनी तर चौकट बुटकी आहे हेसुद्धा सांगितलं.  काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. संपात ती भिंत फोडली होती. फुटीर लोक दोन तऱ्हेचे होते. काही उघड, पोलिसांच्या गाडीतून जाणारे. काही चोरून, मागच्या गल्लीतून आत नेलेले, ते आतच राहायचे, आतच जेवायचे आणि महिनोन्‌महिने बाहेर पडायचे नाहीत. त्यांच्यासाठी ते दार काढलं. विटा गल्लीत पडलेल्या काकांनी स्वतः बघितल्या होत्या. संप मोडल्यावर लोक परत गेले तोवर दार बुजवून माठ पुन्हा मांडले होते. परत गेलेल्यांनीच तसं सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग बाबांनी कोणाकडून ऐकलं असेल.

"आयकल्यान आसतला," काका म्हणाले आणि उठले. चहा तसाच राहिला. त्या संध्याकाळी ते पत्ते खेळायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी नकाशे काढणारी बाई आहे. ऐकून माहीत असलेली जागा आणि पायाखालची जागा यातला फरक मला कळतो. ऐकलेल्या दाराशी कोणी मान खाली घालत नाही. एकदा हे कळल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. दिवाळीला बाबा परत आले तेव्हा बायका आईला म्हणाल्या होत्या, गावचं पाणी मानवलं हो, गोरे झालेत. चार महिने चिखलात भात लावून, काढून आलेला माणूस गोरा कसा होईल, हे त्यांच्या किंवा माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांना तेव्हा खोकलाही होता, कापसाचे तंतू छातीत गेल्यावर येतो तसा. आई म्हणाली, पावसात भिजले.

मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी बाबा पेपर वाचत असताना म्हटलं, त्या पावसाळ्यात तुम्ही गावाला नव्हता. त्यांनी पान उलटलं.

"नव्हतंय," म्हणाले.

सहा महिने आत होतो, हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं, ट्रेनिंगला गेलो होतो असं सांगावं तसं. मी पत्रांचं विचारलं. उत्तर आईने दिलं, स्टोव्हजवळून. पत्रं तिनेच चुलत्यांना लिहायला सांगितली होती. मी म्हटलं, तुला वाचता येत होतं, मग मला का वाचायला लावलंस? आई म्हणाली की पोर वाचतंय म्हटल्यावर लोकांना खरं वाटतं. तिने हे अपराधाने सांगितलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या तशा आवाजात सांगितलं. घरात चार तोंडं होती, मी, माझा मोठा भाऊ आणि ती दोघं. त्यातलं खरं माहीत नसलेलं तोंड माझं एकटीचं, आणि गॅलरीभर खोटं वाचून दाखवत होते तीही मीच.

मग मी समोरच्यांचं विचारलं. तुम्ही त्यांना भर बैठकीत फुटीर म्हणालात. पोरांनीही बोलायचं नाही म्हणालात.

"तो दिवसाढवळ्या गेलो," बाबा म्हणाले. "तेका अक्कल नव्हती."

मी विचारलं, ते तुम्हाला आत भेटत असतील ना. रोज भेटायचे, म्हणाले. काका संपावर होते म्हणून त्यांचा साचा रिकामा होता, तो मैत्रिणीच्या वडिलांना दिला होता. म्हणजे सहा महिने ते दोघे शेजारी शेजारी काम करत होते. तो माणूस संध्याकाळी चाळीत यायचा, त्याच्या बायकोशी नळावर कोणी बोलायचं नाही, त्याची मुलगी भोंडल्यातून झाकलेला डबा घेऊन परत यायची, आणि तो कोणालाही सांगत नव्हता की ज्याने हे सुरू केलं तो माझ्या बाजूच्या साच्यावर आहे. मी म्हटलं, ते एका शब्दाने बोलले असते तर.

"तो नाय बोललो," बाबा म्हणाले. पेपरची घडी घातली आणि संडासला निघून गेले.

मला त्यांचा संप मोडण्याचा राग आला नाही. हे मी नीट तपासून लिहिते आहे. घर चालवायचं होतं, दोन मुलं होती, मोठमोठे मोडले. राग आला तो माझा वापर केल्याचा. मी ज्या माणसाला बघून ताठ झाले, ज्याच्या शब्दावर एका मुलीला फेराबाहेर ठेवलं, तो ते शब्द बोलताना आत जायच्या तयारीत होता. आणि वीस वर्षं माझ्यासमोर बसून संप अजून मागे घेतलेला नाही असं सांगत होता.

मी लेव्हलची फाईल 'अर्धवट'मध्ये टाकली. बारा झाल्या.

दोन आठवडे मी कॉम्प्युटरवर कापड घालून ठेवलं. आतून एक आवाज यायचा की या वेळी सोडायला कारण आहे, या वेळी तुझा दोष नाही. तो आवाज मला ओळखीचा होता. किल्ल्याच्या वेळीही कारण होतं, कोळीवाड्याच्या वेळीही होतं. मला कारणं कायम चांगली मिळत आली. अध्यक्ष जिन्यात भेटले आणि विचारलं, कुठवर आलंय? मी म्हणाले, झालंय जवळजवळ. वर येऊन कापड काढलं.

दाराचं काय करायचं हा प्रश्न होताच. बाबांनी स्वतःहून विषय काढला, त्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, ते दार काढून टाक आणि गेट उघडं ठेव, मंडपात सगळे बघतील. त्यांच्या आवाजात विनंती नव्हती आणि हुकूमही नव्हता, बल्ब बदलायला सांगावं तसं होतं. कामही तेवढंच होतं. भिंतीचा एक ठोकळा ओढायचा, फाटक उघडं करायचं, दोन मिनिटं. कोणाला कळलं नसतं. शिवाय तेच जास्त बरोबर ठरलं असतं, कारण संपाआधीची वर्षानुवर्षं तिथे भिंतच होती. मी बाबांना म्हणाले की अध्यक्षांनी गिरणी सांगितली आहे, कधीची ते सांगितलेलं नाही.  ते म्हणाले, तुझी मर्जी. मी एकदा त्यांच्यासाठी खोटं मोठ्याने वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा वाचणार नव्हते.

शेवटचे पंधरा दिवस मी ऑफिसच्या पद्धतीने काम केलं. यादी केली आणि रोज तीन गोष्टी खोडल्या. छपराच्या काचा धुरकट. साच्यांच्या रांगा, एकदा बनवून चोवीस वेळा चिकटवलेल्या. खऱ्या गिरणीत याहून जास्त होत्या, पण तिथे मी थांबले, कारण त्यापुढे कॉम्प्युटर अडखळत होता. गाठींवरचं तागाचं कापड मला हवं तसं जमलं नाही, तसंच ठेवलं. मध्येमध्ये वाटायचं की हे काय आहे, कोणाला दाखवतेस, सगळं ठोकळेबाज दिसतंय. तेव्हा मी स्वतःला एकच विचारायचे, माणूस आत जाऊन पाचव्या साच्यापर्यंत पोचतो का? पोचत होता. मोठ्या फाटकाला मी साखळी घातली आणि खेळ फाटकासमोर रस्त्यावर सुरू होईल असं केलं. आत जायची वाट एकच ठेवली. गणपतीच्या आदल्या दिवशी फाईलचं नाव बदललं आणि ती 'अर्धवट'मधून बाहेर काढली. तसं करताना फार काही वाटलं नाही. थोडी भूक लागली होती.

मंडपात आरतीच्या जागेपासून जरा बाजूला टेबल लावलं. कोणाला पकडायचं असं माझ्या मनात नव्हतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. थोडं होतं. पण मुख्य म्हणजे मी बांधलेल्या जागेत माणसं येताना मला बघायची होती. आली. पोरंटोरं आली, सुना आल्या. त्यांना मी दाखवायचे की फाटक बंद आहे, मागे गल्ली आहे, आणि दाराशी वाकायचं. त्यांना त्यात काही दिसलं नाही, मजा वाटली. गिरणीतले म्हातारे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. ते खुर्चीत बसायचे, सांगायचे, आणि मी चालवायचे. बहुतेक जण फाटकाशी आले की मला म्हणायचे, उघड. मी म्हणायचे, उघडत नाही, दुसरी वाट बघा. ते गोंधळायचे, मग मी त्यांना गल्लीतून न्यायचे, गोदाम बघून ते खूश व्हायचे आणि दारापाशी आले की विचारायचे, हे कुठून काढलंस? मी म्हणायचे, असंच.

दोघांनी फाटकाकडे बघितलंही नाही. मी काही सांगायच्या आत म्हणाले, मागून घे. त्यातल्या एकाने गोदामाचं टोक यायच्या आधीच मला बजावलं, आता खाली वाक, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःची मान खाली घातली. मग त्याच्या लक्षात आलं. तो उठला, फार छान केलंयस म्हणाला आणि प्रसाद न घेता गेला. कोण ते लिहीत नाही. त्यांची मुलं अजून इथेच राहतात.

बाबा खाली उतरले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

काका पाचव्या दिवशी आले. मला वाटलं नव्हतं येतील. खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पडद्यावर फाटक आलं. साखळी, वर गिरणीचं नाव असायचं ती कमान, मी नाव घातलं नव्हतं. ते बघत राहिले. मी वाट बघत होते की कुठे वळायचं ते सांगतील.  मागे रांग लागली होती. मी हळूच म्हटलं की काका, फाटक उघडत नाही, आत जायला मागे गल्ली आहे.

"ठावक असा," ते म्हणाले. "हयच उभो रव्हतंय."

मी बटणांवरचा हात काढला. मागून कोणीतरी म्हणालं, अहो आजोबा, पुढे चला की. काका आपल्या वेळेने उठले. गणपतीच्या दहा दिवसांत माझ्या गिरणीत पाऊल न टाकता उठलेले ते एकटेच होते. खुर्चीत पुढचा माणूस बसला आणि मला म्हणाला, चला, कुठून जायचं?